ऊन राखण करते का?

मेंदू आणि प्रतिकारशक्ती : लेखांक 5

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिन या आवरणावर उलटते, हे मागील लेखांकात पाहिले. हा आजार जगभर सारखा का पसरलेला नाही, हा आजचा प्रश्न. स्कॉटलंडमध्ये लाखामागे 200 हून अधिक रुग्ण आढळतात, तर 1980 च्या दशकात भारतातले अंदाज लाखामागे एकाच्या आसपास होते. विषुववृत्तापासून दूर जावे तसे प्रमाण वाढते, हे ध्यानात आल्यावर संशोधकांची नजर सूर्यप्रकाशाकडे आणि त्यातून त्वचेत तयार होणाऱ्या ड जीवनसत्त्वाकडे वळली. 2015 मधल्या एका जनुकीय अभ्यासाने या तर्काला बळही दिले. ज्यांच्या जनुकांमुळेच ड जीवनसत्त्व कमी राहते, त्यांच्यात एमएसचा धोका जास्त आढळला. या हिशेबाने एप्रिल-मेमध्ये पाऱ्याची चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापूरने निर्धास्त असावे. उन्हाचा या आजारात वाटा असेलही, पण त्याच्या भरवशावर राहिल्याने आजार टळत नाही, फक्त निदान लांबते, असे मला वाटते.

याचा सर्वात बोलका पुरावा आपल्याच राज्यात आहे. 1980 च्या दशकात मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघरी जाऊन मज्जासंस्थेच्या आजारांची पाहणी झाली. तीत एमएसचे प्रमाण लाखामागे विसाच्या वर निघाले. 1990 मध्ये डॉ. नोशिर वाडिया यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही पारशी समाजात हा आजार ठळकपणे दिसला. शहर तेच, आकाश तेच, ऊनही तेच. तरी शेजारच्या समाजाच्या मानाने कितीतरी पट फरक. एकट्या उन्हाने याचा उलगडा होत नाही.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा की पारशी समाज छोटा, त्यातले रुग्ण मोजकेच, शिवाय हा समाज शिकलेला आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचलेला. मग आजार जास्त आहे की फक्त जास्त सापडतो? यात तथ्य आहे, पण ते माझ्याच बाजूचे आहे. त्या काळी देशात एमआरआय जवळपास नव्हताच. पुढे 2014 मध्ये मंगळुरूच्या पाहणीत लाखामागे आठांहून अधिक रुग्ण मिळाले. मंगळुरू तर सोलापूरपेक्षाही दक्षिणेला आहे. मधल्या काळात ऊन बदलले नव्हते, तपासणी बदलली होती. दुसरा आक्षेप म्हणजे पारशी मूळचे इराणचे, तेव्हा फरक रक्ताचा असणार. जनुकांचा हात आहेच. पण भारतीय उपखंडातून ब्रिटनमध्ये गेलेल्या कुटुंबांचा 1990 मधला अभ्यास सांगतो की, तिथे जन्मलेल्या मुलांत एमएसचे प्रमाण आईवडिलांच्या पिढीपेक्षा बरेच वाढून ब्रिटनच्या जवळ गेले. एका पिढीत जनुके बदलत नाहीत. लहानपण कुठे आणि कसे गेले, कोणता संसर्ग कोणत्या वयात झाला, यालाही मोल आहे.

आता ड जीवनसत्त्वाकडे पाहू. गावावर ऊन पडते म्हणून ते अंगावर पडतेच असे नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये पाळी करणारा कामगार किंवा दिवसभर सावलीत बसून विड्या वळणारी बाई भर उन्हाळ्यातही उन्हापासून दूरच असते. सावळ्या त्वचेला तेवढेच ड जीवनसत्त्व तयार करायला जास्त वेळ लागतो. भारतासारख्या उन्हाच्या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, त्याचे हेही एक कारण आहे. म्हणजे ऊन राखण करते असे धरले, तरी ती राखण सोलापुरातल्या अनेकांच्या वाट्याला येतच नाही.

निर्धास्तपणाची किंमत मोजावी लागते ती तपासणीच्या खोलीत. हा आजार बहुधा वीस ते चाळीस या वयात आणि पुरुषांपेक्षा बायकांना अधिक होतो. एका डोळ्यात दुखून नजर अंधुक होणे, पायांना बधिरपणा येणे, तोल जाणे, अशी त्याची सुरुवात होते. पहिला झटका बरेचदा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. विड्या वळणाऱ्या हाताला मुंग्या आल्या तर दोष कामाला, मानेच्या मणक्याला किंवा बी-12 च्या कमतरतेला देणे साहजिक आहे, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण लक्षण शरीराच्या दुसऱ्या भागात पुन्हा उगवले, तर 'आपल्याकडे हा आजार नसतो' या समजुतीला तिथे जागा नसावी.

शिवाय ज्याला एमएस आहे, त्याला सोलापूरचे ऊन वेगळाच त्रास देते. मायलिन गमावलेला तंतू संदेश कसाबसा वाहतो. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी तो अडखळतो. जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म उहथॉफ यांनी 1890 मध्ये श्रमानंतर रुग्णांची दृष्टी अंधुक होते, असे नोंदवले होते. श्रमाने असो वा उन्हाने, तापलेले अंग गार झाले की हा त्रास उतरतो. नवा झटका मात्र चोवीस तासांहून अधिक टिकतो. हा भेद माहीत असला, तर मे महिन्यातल्या प्रत्येक अशक्तपणासाठी स्टेरॉइड घ्यावे लागणार नाही, आणि खरा झटका उन्हाच्या नावावर खपणारही नाही.

उन्हापेक्षा भक्कम पुरावा आज एका विषाणूविरुद्ध जमला आहे. एपस्टाईन-बार हा तो विषाणू. भारतात तो बहुतेकांना बालपणीच गाठतो, तरी एमएस मोजक्यांनाच का होतो, हे पुढील लेखांकात.