थंडीत एसी कशाला?

पौषातलं शाकंभरी नवरात्र आलं की आमच्या घरची मंडळी पहाटेच तुळजापूरला निघतात. अंधार, गारठा, गाडीत पाच माणसं आणि काचा गच्च बंद. धाराशिव सोडून दहा-पंधरा मिनिटं होत नाहीत तोच पुढची काच आतून पांढरी होते. मग गाडी चालवणारा पुतण्या एका हाताने स्टिअरिंग धरतो आणि दुसऱ्या हाताने काचेवर टॉवेल फिरवतो. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही. "अरे, एसी लाव," म्हटलं की उत्तर ठरलेलं: "काका, एवढ्या थंडीत एसी? पोरं कुडकुडतील की!"

हे मी घरात ऐकतो, गॅरेजात ऐकतो, रोज पहाटे भाडं मारणाऱ्या जीपवाल्यांकडूनही ऐकतो. एसी म्हणजे उन्हाळ्याची सोय, थंडीत तो लावायचा नसतो, हा समज इतका पक्का आहे की समोरचा रस्ता दिसेनासा झाला तरी हात त्या बटणाकडे जात नाही.

उन्हाळ्यात एसी लावून उभ्या केलेल्या गाडीखाली थेंब थेंब पाणी गळतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ते येतं कुठून? गाडीतल्या हवेतून. एसीच्या थंड जाळीवरून हवा गेली की तिच्यातली वाफ जाळीवर पाणी होऊन साचते आणि नळीवाटे खाली पडते. म्हणजे एसी हवा गार करतो तशी कोरडीही करतो, आणि थंडीत आपल्याला हवं असतं ते हे दुसरं काम.

आता काच पांढरी का होते ते बघा. बसल्या जागी एक माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. पाच माणसांचं झालं २०० ग्रॅम, म्हणजे भरलेला पेला. गाडीत हवा असते तीनेक घनमीटर. २० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे सगळ्या गाडीत पन्नासेक ग्रॅम. पाव तासात हवा भरते आणि बाहेरच्या गारठ्याने थंड झालेल्या काचेवर ते पाणी बसतं. टॉवेलने पुसाल, पण श्वास थोडाच थांबणार आहे?

एसीसोबत हीटरही लावायचा, हे लोकांच्या गळी उतरत नाही. "दोन्ही एकदम लावले की इंजिनावर ताण येतो," असंही सांगतात. ते खरं नाही. गाडीची रचनाच तशी आहे: हवा आधी थंड जाळीवर पाणी सोडते, मग इंजिनाच्या गरम पाण्यावर तापते आणि कोरडी, उबदार होऊन काचेवर येते. विश्वास नसेल तर गाडीसोबत मिळालेलं माहितीपुस्तक उघडा. काचेच्या चित्रावर वळणदार बाण असलेलं बटण दाबलं की अनेक गाड्यांत एसी आपोआप सुरू होतो. इंजिन तापेपर्यंतची काही मिनिटं हवा गार लागते, तेवढी सोसावी.

आणि गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण असलेलं बटण बंद ठेवा, म्हणजे बाहेरची हवा आत येईल. "बाहेर तर धुकं आहे, ती ओली हवा आत कशाला?" हा प्रश्नही येतोच. पण १० अंशांच्या धुकट हवेतही घनमीटरला जेमतेम ९ ग्रॅम वाफ असते. तीच हवा आत येऊन तापली की तिच्यात आणखी तितकीच वाफ मावते.

यंदा मी पुढच्या सीटवर बसलो होतो. काही न बोलता एसी, हीटर आणि काचेचं बटण लावलं, गोल बाणाचं बंद केलं. काचेच्या तळाशी आधी दोन लहान अर्धगोल स्वच्छ झाले, ते वर वर वाढत गेले, आणि पुढच्या ट्रॉलीचं मागचं फळकूट दिसायला लागलं. टॉवेल पुतण्याच्या मांडीवर तसाच पडून राहिला.

पांढरेपणा आत आहे की बाहेर, हे काचेवर आतून बोट फिरवून कळतं. रेघ उमटली तर आत. नाही उमटली तर बाहेर दव आहे, त्याला वायपर पुरे.

दव गोठलं म्हणून काच साफ करायला उकळतं पाणी ओतायचं, हा तर धोकाच. आपल्याकडे काचेवर दव गोठत नाही, पण महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी मुक्कामी उभ्या गाड्यांवर ते गोठतं. पुढची काच म्हणजे काचेचे दोन थर आणि मध्ये प्लास्टिकचा पडदा. गिट्टीच्या डंपरमागून जाताना उडालेल्या खड्याने तिला बारीकसा टवका गेलेला असेल, तर गरम पाण्याने तिथूनच तडा धावतो. महाबळेश्वरलाही गरम हवा आणि खरवडायला प्लास्टिकची पट्टी वापरा. रात्री काचेवर जाड पोतं टाकून ठेवलं तर तेही लागत नाही.

गोठलेल्या दवाच्या त्या पांढऱ्या थराला "महाबळेश्वरला बर्फ पडला" म्हणतात, पण तो पडलेला नसतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री टप आणि काच आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेहूनही थंड होतात. म्हणून तापमापक ४-५ अंश दाखवत असतानाही टपावर दव गोठतं.

राहिले घरगुती उपाय. काचेवर तंबाखू किंवा बटाटा चोळणं: डाग राहतो, समोरून दिवे आले की डोळ्यांपुढे उजेडाचा पसारा होतो. आतून शाम्पूचा हात: वाफ थोडा वेळ खरंच धरत नाही, पण नीट पुसला नाही तर तोच पसारा.