चेनसॉ बंद पडते, तेव्हा आधी इंधन तपासावे

जून ते नोव्हेंबर हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चक्रीवादळांचा काळ. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन वादळाने जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायनात असंख्य झाडे उन्मळून पाडली. अशा प्रसंगी गॅरेजमधली चेनसॉ बाहेर काढावी, तर ती सुरू होते आणि ट्रिगर दाबताच गुदमरून बंद पडते. पुष्कळदा दोष यंत्राचा नसून टाकीत उरलेल्या जुन्या पेट्रोलचा असतो.

येथील पंपांवरील बहुतेक पेट्रोलमध्ये सुमारे १० टक्के इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषून घेते. शिवाय महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या सूक्ष्म छिद्रांत बसतो. म्हणून जुने इंधन काढून (गटारात न ओतता, काउंटीच्या घातक कचरा केंद्रात द्यावे) ताजे मिश्रण भरावे. बहुतेक नव्या यंत्रांना ५० भाग पेट्रोलला १ भाग टू-स्ट्रोक ऑइल, म्हणजे गॅलनला सुमारे २.६ औंस लागते; नेमके प्रमाण पुस्तिकेत पाहावे. भारतात पंपावर स्कूटरसाठी ऑइल मिसळून घेतलेल्या पिढीला हे नवे नाही. मिश्रण महिन्याभरात संपवलेले बरे.

तरीही यंत्र चालेना, तर ते केव्हा बंद पडते हे पाहावे. काही मिनिटे नीट चालून बंद पडत असेल, तर यंत्र थांबवून, थंड होऊ देऊन टाकीचे झाकण सैल करून पुन्हा घट्ट लावावे. त्यानंतर ते पुन्हा काही काळ नीट चालले, तर टाकीत हवा जाण्याचा मार्ग तुंबला आहे. ट्रिगर दाबताच दम जात असेल, तर टाकीतला इंधन फिल्टर बदलावा. धूर जास्त आणि जोर कमी असेल, तर एअर फिल्टर भुशाने भरलेला असतो. सायलेन्सरमधील ठिणगी अडवणारी जाळी काजळीने बुजली तरीही जोर जातो. ती मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवण्याचा मोह सर्वांत शेवटी. इंधन कमी आणि हवा जास्त झाली, तर यंत्र क्षणभर जोमाने पळते. पण पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पडून पिस्टन जाम होतो, आणि ती दुरुस्ती कित्येकदा नव्या यंत्राच्या किमतीच्या घरात जाते. बंद पडू नये म्हणून आयडलचा वेग वाढवणेही घातक. ट्रिगर सोडल्यावर साखळी पूर्ण थांबलीच पाहिजे. ती फिरत राहिली, तर त्या यंत्राने एकही फांदी कापू नये.