केसपेपरवर गाव कुठलं?

परळ स्टेशनला उतरून कॉलेजला जाताना केईएमच्या बाहेरचा फुटपाथ तुम्ही कितीदा तरी ओलांडला असेल. चटई, पाण्याच्या बाटल्या, एक्स-रेची मोठी पाकिटं आणि टाटा हॉस्पिटलच्या फाइली सांभाळत बसलेली माणसं. कुणी बिहारचं, कुणी बंगालचं, कुणी आपल्याच बीड-लातूरचं. आणि आपल्या ग्रुपमधलं कुणीतरी हमखास म्हणतं, 'या बाहेरच्यांमुळेच एवढी गर्दी आहे यार!'

मीही म्हणायचे. मग या पावसाळ्यात आमच्या लालबागच्या चाळीसमोर टॉवरचं काम चालू आहे, तिथला एक मुलगा परांचीवरून पडला. वय माझ्याएवढंच, 22. गाव बिहारमधलं. पाय सुजून टम्म, तरी दोन दिवस शेडमध्येच पडून. का? एका दवाखान्याच्या खिडकीवर 'इथलं रेशन कार्ड आण' असं सांगून त्याला परत पाठवलं होतं. 'मेरा आधार तो बिहार का है,' एवढंच तो म्हणत होता. शेवटी चाळीतल्या काकांनी त्याला टॅक्सीत घालून दुसरीकडे नेलं, तेव्हा कुठे प्लास्टर चढलं.

त्याला जे सांगितलं ते बरोबर होतं का? नव्हतं. 1992 मध्ये पश्चिम बंगालात हकीम शेख नावाचा शेतमजूर ट्रेनमधून पडला. डोक्याला जबर मार. एकामागून एक सरकारी हॉस्पिटलांनी 'बेड नाही, सोय नाही' म्हणत त्याला पुढे पाठवलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 1996 मध्ये कोर्टाने सांगितलं, की सरकारी हॉस्पिटलने वेळेवर तातडीचा उपचार न देणं म्हणजे राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग. पैसे नाहीत ही सबबही सरकारला सांगता येणार नाही. त्याला 25 हजार रुपये भरपाई मिळाली. आणि कलम 21 नीट वाचा. त्यात शब्द आहे 'व्यक्ती'. रहिवासी नाही, मतदारही नाही.

मग रेशन कार्डाचा घोळ येतो कुठून? उपचार आणि योजना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्याची, त्यामुळे तिला महाराष्ट्राचं रेशन कार्ड किंवा रहिवासाचा पुरावा लागतो. पण 2018 ची आयुष्मान भारत योजना देशभराची आहे. बिहारमध्ये काढलेलं कार्ड मुंबईतल्या योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्येही चालतं. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. आमच्या या मित्राचं कार्ड निघालेलं होतं. फक्त ते गावी आईच्या पेटीत होतं, कारण 'मुंबईत काय उपयोग' असं त्याला वाटलं!

गर्दी खरी आहे, नाही कोण म्हणतंय? एकेका बेडसाठी डॉक्टरांची होणारी ओढाताण ओपीडीत तासभर बसलात तरी दिसते. पण गावाजवळ बरं हॉस्पिटल असतं तर कॅन्सरचा पेशंट घेऊन फुटपाथवर झोपायला कोण आलं असतं?

आणि 'बाहेरचे' म्हणजे नक्की कोण? 1926 मध्ये केईएम सुरू झालं तेव्हा आजूबाजूला गिरण्या होत्या आणि त्यात कोकणातून, साताऱ्याकडून आलेली माणसं. माझे आजोबा संगमेश्वरहून आले, लालबागच्या खानावळीत जेवले, गिरणीत राबले. टीबी झाला तेव्हा शिवडीच्या हॉस्पिटलात बरे झाले. रेशन कार्डावर त्यांचं नाव तेव्हा गावीच होतं.

तुम्हाला काय करता येईल? सोसायटीचा वॉचमन, मेसचा कुक, डिलिव्हरीवाला, यांतल्या एकाला तरी विचारा, 'आयुष्मान कार्ड काढलंय का? कुठे आहे?' चौकशीसाठी 14555, अँब्युलन्ससाठी 108. खिडकीवर कुणी अडलं असेल तर पाच मिनिटं थांबून फॉर्म भरून द्या.

आमच्या मित्राच्या आईने परवा कार्डाचा फोटो पाठवला. प्लास्टर निघायच्या आत ते जवळपास कुठे चालतं, ते आम्ही दोघं मिळून विचारणार आहोत.