वैद्यकीय सहाय्यक व्हायचे आहे? आधी नोंदणी पाहा, मग शुल्क भरा

बारावीचे निकाल लागले की जिल्ह्याच्या ठिकाणी रंगीत फलक झळकू लागतात. ‘सहा महिन्यांत नर्सिंग’, ‘एका वर्षात वैद्यकीय सहाय्यक’, ‘शंभर टक्के नोकरी’ अशी आश्वासने त्यांवर असतात. भंडाऱ्यासारख्या धानपट्ट्यातील जिल्ह्यात ती वाचणारे कुटुंब बहुधा अल्पभूधारक असते. डॉक्टर होण्याइतका पैसा आणि काळ त्याच्याजवळ नसतो. मुलीने किंवा मुलाने रुग्णसेवेत जावे, लवकर मिळवते व्हावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. धान विकून आलेले पैसे अशा प्रवेशासाठी मोजले जातात आणि पुढे पहिल्याच मुलाखतीत प्रश्न येतो, ‘तुमचा नोंदणी क्रमांक काय?’ तो नसेल तर प्रमाणपत्राला सरकारी सेवेत काहीही किंमत उरत नाही. म्हणूनच वैद्यकीय सहाय्यक म्हणजे नेमके कोण, त्याचे शिक्षण कोठे व किती, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

कंपाउंडर ते आरोग्य सहाय्यक

जुन्या पिढीला डॉक्टरांचा सहाय्यक म्हटले की कंपाउंडर आठवतो. बाटलीला कागदाची खाचदार पट्टी चिकटवून औषधाची मात्रा दाखवणारा हा माणूस दवाखान्यात राहूनच शिकत असे. १९४८ च्या औषधनिर्माणशास्त्र कायद्याने औषध देण्याचे काम नोंदणीकृत व्यक्तीकडे सोपवण्याचा पाया घातला. ‘पाहून शिकलेला’ आणि ‘शिकून नोंदणी झालेला’ यांतला फरक तेव्हापासून कायद्याने मानला.

ग्रामीण आरोग्यव्यवस्थेत आज दिसणाऱ्या पदांचे मूळ १९७३ च्या कर्तारसिंग समितीच्या अहवालात आहे. त्यापूर्वी हिवतापाचा कर्मचारी वेगळा, देवीच्या लसीचा वेगळा, कुटुंबनियोजनाचा वेगळा अशी स्थिती होती. एकाच घरी चार जण चार कामांसाठी जात. समितीने त्याऐवजी ‘बहुउद्देशीय कर्मचारी’ ही कल्पना मांडली. महाराष्ट्रात आपण ज्यांना आरोग्य सेवक व आरोग्य सेविका म्हणतो ते हेच, आणि त्यांच्या कामावर देखरेख करणारे ते आरोग्य सहाय्यक व आरोग्य सहाय्यिका. मैदानी भागात साधारण पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा या रचनेचा निकष आहे.

थोडक्यात, ‘वैद्यकीय सहाय्यक’ नावाची एकच एक मान्य पदविका आपल्याकडे नाही. त्या नावाखाली वेगवेगळ्या वाटा आहेत, आणि प्रत्येक वाटेवरचा नाका वेगळा आहे.

जिल्हा काय मागतो?

भंडारा, मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली, पवनी आणि लाखांदूर असे सात तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे बारा लाख लोकसंख्या असलेला हा जिल्हा. वैनगंगेचे खोरे, शेकडो तलाव, पाणी साठवणारी धानाची बांधी; या भूगोलाचे स्वतःचे आजार आहेत. प्रशिक्षण कशासाठी, हे त्यांच्यावरून चांगले उमगते.

हत्तीरोगाचे उदाहरण घ्या. या रोगाचे सूक्ष्म जंतू दिवसा शरीराच्या खोलवरच्या रक्तवाहिन्यांत दडतात आणि रात्री त्वचेजवळच्या रक्तात येतात. म्हणून रक्तनमुना रात्रीच, लोक घरी निजायला आलेले असताना, घ्यावा लागतो. दुपारी घेतलेला नमुना निर्दोष ठरेल आणि रोगी निरोगी म्हणून नोंदला जाईल. काचपट्टीवर रक्ताचा थर योग्य जाडीचा करणे आणि वेळ, घर व नाव अचूक लिहिणे या वरवर क्षुल्लक गोष्टींवर सारे निदान उभे असते.

दुसरे उदाहरण सिकलसेलचे. पूर्व विदर्भातील काही समाजांत हा आनुवंशिक रक्तदोष लक्षणीय प्रमाणात आढळतो. गावपातळीवर त्याची पहिली तपासणी म्हणजे विद्राव्यता चाचणी. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब विशिष्ट द्रावणात मिसळतात आणि नळीमागे रेघा आखलेला कागद धरतात. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर दोष असल्याचा संशय येतो. परंतु ही चाचणी केवळ वाहक असलेली व्यक्ती आणि प्रत्यक्ष रुग्ण यांत भेद करू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तत्सम खात्रीची तपासणी लागते. अर्धवट शिकलेल्याने पहिल्याच चाचणीवर ‘तुला सिकलसेल आहे’ असे एखाद्या मुलीच्या घरी सांगितले तर तिचे लग्न मोडू शकते. चाचणी कशी करावी इतकेच, किंबहुना काय बोलू नये, हेही प्रशिक्षणातच शिकायचे असते.

तिसरे उदाहरण नवजात अर्भकांचे. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, ऊब देणे आणि जंतुसंसर्ग ओळखणे शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. पुढे २०११ मध्ये घरोघरी नवजात बालकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर आशा कार्यकर्त्यांकडे सोपवण्यात आला. शिक्षण कमी असले तरी प्रशिक्षण नेमके आणि देखरेख सतत असेल तर काय घडू शकते, याचा हा पुरावा आहे. मात्र त्यातून ‘थोडके शिकले तरी चालते’ असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. तेथे थोडी कामे निवडली होती आणि ती पुनःपुन्हा तपासली जात होती.

शिक्षणाच्या वाटा

*सहाय्यक परिचारिका प्रसाविका, अर्थात ए.एन.एम.* हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून अखेरचे सहा महिने प्रत्यक्ष सेवेतील अनुभवाचे असतात. कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलींना तो खुला आहे. सामाजिक आरोग्य परिचर्या, बालआरोग्य, प्राथमिक उपचार, प्रसूतिशास्त्र आणि आरोग्य केंद्राचे व्यवस्थापन हे त्यातील प्रमुख विषय. उपकेंद्रातील आरोग्य सेविकेचे पद मिळवण्याची हीच वाट. २०२३ मधील जिल्हा परिषदांच्या भरतीतही या पदासाठी परिचर्या परिषदेतील नोंदणी बंधनकारक होती.

*सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र, अर्थात जी.एन.एम.* ही तीन वर्षांची पदविका मुलगे व मुली दोघांनाही घेता येते. रुग्णालयातील अधिपरिचारिकेचे काम या पातळीपासून सुरू होते. नोंदणीकृत ए.एन.एम.ला पुढे जी.एन.एम. करता येते आणि जी.एन.एम. नंतर दोन वर्षांचा पदवी अभ्यासक्रमही आहे. एकदम चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग परवडत नसलेल्यांसाठी ही पायरीपायरीची शिडी महत्त्वाची ठरते.

*आरोग्य सेवक.* पुरुष उमेदवारांसाठी विज्ञान विषयासह दहावी आणि बारा महिन्यांचे बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्याचे मूलभूत प्रशिक्षण ही जुनी वाट आहे. हंगामी फवारणीचे काम केलेल्यांसाठी भरतीत स्वतंत्र वाटा ठेवलेला असतो. डासांमुळे होणाऱ्या रोगांच्या या जिल्ह्यात त्याला अर्थ आहे.

*तंत्रज्ञ.* प्रयोगशाळा, क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह, रक्तशुद्धीकरण या विभागांतील अभ्यासक्रम सहयोगी आरोग्यसेवेत मोडतात. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायांचे दहा गट केले. सहयोगी आरोग्य व्यावसायिकाची पदविका वा पदवी दोन ते चार वर्षांत किमान २००० तासांची असली पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. ‘सहा महिन्यांत तंत्रज्ञ’ करणाऱ्या फलकासमोर उभे राहून हा आकडा आठवावा.

*अल्पमुदतीचे अभ्यासक्रम.* कौशल्य विकास योजनेखाली रुग्णाला अंघोळ घालणे, कूस बदलणे, भरवणे, चाकाच्या खुर्चीतून नेणे असे काम शिकवणारे काही महिन्यांचे अभ्यासक्रम असतात. २०२१ मध्ये करोनाच्या काळात केंद्र सरकारने असेच सहा प्रकारचे झटपट वर्ग सुरू केले होते. हे काम कमी प्रतीचे मुळीच नाही. शहरात वृद्ध आईवडिलांसाठी ब्युरोकडून मावशी किंवा दादा बोलावणाऱ्यांना त्याचे मोल ठाऊक आहे. परंतु हा अभ्यासक्रम म्हणजे नर्सिंग नव्हे. इंजेक्शन देण्याचा किंवा सलाईन लावण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. फसवणूक सुरू होते ती या दोहोंची सरमिसळ केली जाते तेव्हा.

रात्रीच्या पाळीचा धडा

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अर्भक विशेष दक्षता विभागात आग लागली. तेथील सतरा बालकांपैकी सात वाचवता आली, दहा दगावली. काही भाजून गेली, बहुतेक धुराने गुदमरून. या घटनेनंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले.

दोष कोणाचा, याचा ऊहापोह येथे करायचा नाही. परंतु प्रशिक्षणाचा विचार करताना ही रात्र विसरता येत नाही. ऊब देणारी यंत्रे, प्राणवायू आणि वीज एकाच खोलीत असतात. अशा विभागात मध्यरात्रीनंतर डॉक्टर क्षणोक्षणी उभे नसतात. बाळांजवळ असतात त्या परिचारिका आणि सहाय्यक. यंत्राचा वेगळा वास, तापलेली तार ओळखणे, प्राणवायूचा पुरवठा कोठून बंद होतो हे अंधारातही ठाऊक असणे, आधी कोणते बाळ आणि कोणत्या दाराने हलवायचे याची उजळणी झालेली असणे, हे सारे वर्गात फळ्यावर शिकता येत नाही. त्यासाठी रुग्णालयातच सराव हवा, पुरेसे मनुष्यबळ हवे आणि इमारतही तशी हवी. एकट्या परिचारिकेच्या प्रशिक्षणावर सारा भार टाकणे अन्यायाचे आहे. पण ज्या संस्थेला स्वतःचे वा जोडलेले रुग्णालयच नाही, ती विद्यार्थ्याला या कामासाठी तयार करू शकत नाही.

सहाय्यकाने कोठवर जावे?

साकोली-देवरीच्या रस्त्याने पुढे गेले की छत्तीसगड लागते. खेड्यात डॉक्टर जात नाहीत म्हणून त्या राज्याने २००१ मध्ये कायदा करून तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला. पदवीच्या नावावरून वाद आणि न्यायालयीन लढे झाले, प्रवेश काही वर्षांतच थांबले; परंतु शिकून बाहेर पडलेल्यांना ‘ग्रामीण वैद्यकीय सहाय्यक’ म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमण्यात आले. २०१० च्या सुमारास झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात नेहमीच्या आजारांवरील उपचारांत ते वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या जवळपास बरोबरीचे ठरले. महाराष्ट्राने निराळा मार्ग घेतला. २०१८ नंतर उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आले. ते आयुर्वेद, युनानी किंवा नर्सिंगचे पदवीधर असतात आणि त्यांना सहा महिन्यांचे जोड-प्रशिक्षण दिले जाते. भंडाऱ्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात उद्‌घाटन झालेल्या दहा महाविद्यालयांत त्याचा समावेश होता. डॉक्टर वाढतील तशी त्यांच्या सोबतीला प्रशिक्षित हातांची गरजही वाढेल.

शुल्क भरण्यापूर्वी

तेव्हा पालकांनी संस्थेच्या कार्यालयात बसून काही साधे प्रश्न विचारावेत. हा अभ्यासक्रम संपल्यावर नोंदणी कोणत्या परिषदेत होते? परिचर्येसाठी ती महाराष्ट्र परिचर्या परिषद असली पाहिजे, आणि मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत या संस्थेचे नाव या वर्षी आहे का, हे स्वतः पाहावे. परीक्षा कोण घेते? ए.एन.एम. व जी.एन.एम. साठी महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ आहे. पदवीसाठी नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ. प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, किती खाटांवर होते? शक्य असल्यास तेथे जाऊन विद्यार्थी खरोखर दिसतात का, हे पाहावे. शेवटचा प्रश्न मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला विचारावा: तुला नोंदणी क्रमांक मिळाला का?

या प्रश्नांची उत्तरे टाळली जात असतील तर फलक कितीही आकर्षक असो, उठून यावे. एक वर्ष थांबून मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश घेणे परवडते. दोन वर्षे आणि शेताचे उत्पन्न घालवून हाती निरुपयोगी कागद येणे परवडत नाही. हा प्रश्न केवळ त्या मुलीच्या नोकरीचाही नाही. नागपूर-पुण्याच्या रुग्णालयांत आपल्या माणसाच्या उशाशी रात्री उभे राहणारे हात पुष्कळदा अशाच जिल्ह्यांतून आलेले असतात. ते हात कोठे आणि कसे शिकले, याच्याशी आपला सर्वांचा संबंध आहे.