हृदयातली जाळी: थोडी वापीची, थोडी ईस्टर बेटाची

‘अँजिओ झाली, दोन स्प्रिंगा टाकल्या’ असं वसई-विरारच्या गाडीत कोणी सांगितलं, तर शेजारच्याला पुढचं विचारावंही लागत नाही. पण हृदयाच्या धमनीतली ही ‘स्प्रिंग’ आपणहून उघडत नाही बरं का! धातूची बारीक नळी लेझरने कातरून तिची जाळी, म्हणजे स्टेंट, करतात आणि ती मिटलेल्या फुग्यावर चढवतात. ब्लॉकेजच्या जागी फुगा फुगवला की जाळी धमनीच्या भिंतीला टेकते. फुगा बाहेर येतो, जाळी जन्मभर आत राहते.

ती बनते कुठे? विरारहून डहाणूकडे जाणारे रूळ धरून निघा. वाटेत बोईसर लागतं. तिथल्या तारापूर एमआयडीसीत ल्युपिन, आरती ड्रग्ज यांसारख्या कंपन्या गोळीतलं मूळ औषध, म्हणजे बल्क ड्रग, तयार करतात. डहाणू ओलांडून गुजरातेत शिरलं की वापी. तिथल्या मेरिल कंपनीच्या ‘बायोमाइम’ स्टेंटची तार फक्त 65 मायक्रॉन जाडीची, म्हणजे साधारण आपल्या केसाएवढी. आणखी पुढे सुरतेला सहजानंद मेडिकल टेक्नॉलॉजीज, तीही स्टेंटवालीच. गोळी आणि जाळी, दोन्ही आपल्याच पश्चिम रेल्वेवर!

जाळीवरच्या औषधाचा प्रवास मात्र फार लांबचा आहे. 1964 साली कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली आणि येताना तिथली माती घेऊन आली. त्या मातीतल्या जिवाणूपासून माँट्रियलच्या आयर्स्ट कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी एक बुरशीनाशक वेगळं काढलं. या कामात पुढे होते अखंड पंजाबात जन्मलेले सुरेन सहगल. पुढे कंपनीने ती प्रयोगशाळाच बंद केली. सहगल यांनी काय करावं? त्यांनी तो साठा घरी नेला आणि चक्क फ्रीझरमध्ये जपून ठेवला. तेच आजचं सिरोलिमस. 1999 मध्ये अमेरिकेत त्याला आधी मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी परवानगी मिळाली. धमनी पुन्हा अरुंद करणारी पेशींची बेसुमार वाढ ते रोखतं, म्हणून त्याच वर्षी डिसेंबरात ब्राझीलमधल्या साओ पाउलोत या औषधाचा लेप दिलेले स्टेंट पहिल्यांदा माणसाला बसवले गेले. अमेरिकेने अशा स्टेंटला मान्यता दिली एप्रिल 2003 मध्ये. सहगल त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. एका माणसाच्या चिकाटीने एवढं साधलं, हे वाचताना मला आजही भरून येतं.

फुग्याची कथाही घरातलीच. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झुरिचमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर फुग्याच्या नळ्या जुळवल्या आणि 16 सप्टेंबर 1977 रोजी 38 वर्षांच्या रुग्णावर पहिली अँजिओप्लास्टी केली. दहा वर्षांनी तपासलं, तेव्हा ती धमनी उघडीच होती.

आता गोळ्यांचा डबा उघडू. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ही नायट्रोग्लिसरीनच्या कुळातली. नायट्रोग्लिसरीन म्हणजे डायनामाइटमधलं स्फोटक! डायनामाइटचे जनक आल्फ्रेड नोबेल यांना शेवटच्या दिवसांत डॉक्टरांनी हेच औषध सांगितलं होतं. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिनचा माग जपानच्या अकिरा एंडो यांना तांदळावरच्या बुरशीत लागला, 1973 मध्ये. कृत्रिम झडप बसवलेल्यांना दिलं जाणारं वॉरफरिन 1948 च्या सुमारास उंदीर मारायला बाजारात आलं होतं.

आणि ॲस्पिरिन! रक्तातल्या ज्या प्लेटलेटला ते गाठतं, ती मरेपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, नरम पडते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे ॲस्पिरिनने बंद पाडलेलं विकर, म्हणजे एन्झाइम, तिला नव्याने बनवता येत नाही. स्टेंटनंतर ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी देतात, कारण नव्या धातूवर शरीराचं अस्तर चढेपर्यंत तिथे गुठळी होण्याचा धोका असतो. म्हणून दात काढायचाय, बरं वाटतंय, अशा कारणांनी या गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता थांबवू नका. कळकळीने सांगतो.

शेवटी पैशांचं. औषध-लेपित स्टेंटची सरासरी छापील किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. वकील बिरेंद्र सांगवान दिल्ली उच्च न्यायालयात गेले, स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आला आणि 13 फेब्रुवारी 2017 रोजी कमाल किंमत ठरली 29,600 रुपये, साध्या धातूच्या स्टेंटला 7,260. पुढे आकडे बदलत गेले, मर्यादा मात्र राहिली. त्याच आदेशाने रुग्णालयाला बिलात स्टेंटची किंमत, ब्रँड आणि बॅच नंबर वेगळा दाखवणं बंधनकारक केलं. डिस्चार्जच्या गडबडीत ती ओळ जरूर शोधा. दिसली नाही, तर बिलाच्या खिडकीवर मागून घ्या.