उचलून न्यायचा रस्ता

पूर्णा नदीच्या दोन्ही तीरांना, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथील जमिनीचा स्वभाव ज्याने एक उन्हाळा आणि एक पावसाळा तेथे काढला नाही त्याला सांगून कळावयाचा नाही. कारण वैशाखात हात घालता येईल एवढ्या भेगा पडून जी दगडासारखी निबर होते तीच माती मृगाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसानंतर फुगून, भेगा मिटवून अशी चिकट होते, की बैलाचा खूर तीतून निघताना बाटलीचे बूच काढल्यासारखा आवाज होतो. खाली कित्येक हात खणले तरी तीच चिकण माती, तीत क्षार, आणि विहिरीला पाणी लागले तर तेही खारट. 'कायी माती हाय ना जी हे,' असे तेथला एक म्हातारा शेतकरी मला म्हणाला, 'पाय देला का चप्पल मांगूनच घेते.'

सार्वजनिक बांधकाम खात्यात माझी सारी हयात रस्ते करण्यात गेली, आणि आमच्या दफ्तरात 'पक्के' हा एकच शब्द स्तुतीचा समजला जात असे. काळ्या मातीतून वाट काढावयाची तर माती खणून टाकावी, मुरूम भरावा, दबाई करावी, हा आमचा शिरस्ता. शेतकऱ्याचा शिरस्ता अर्थातच याहून स्वस्त आणि याहून जुना. गाडी चिखलात रुतली म्हणजे तो बांधावरच्या पऱ्हाट्यांच्या आणि तुराट्यांच्या पेंढ्या आणून चाकांपुढे आडव्या घालतो, बैलांना एक हाक देतो, आणि गाडी निघाली की मागे वळून त्या पेंढ्यांकडे पाहतही नाही. खात्यात असताना या युक्तीला मी अडाणी समजत होतो. माझा पुतण्या उच्चदाबाच्या वीजवाहिनीच्या मनोऱ्यांच्या कामावर अभियंता आहे. त्याने गेल्या मार्गशीर्षात 'काका, तुम्ही एकदा आमचा अंथरलेला रस्ता पाहायला या' असा लकडा लावला नसता, तर तो समज घेऊनच मी जगाचा निरोप घेतला असता.

एका नाल्याच्या काठी, हरभऱ्याच्या शेतात मनोरा उभा करावयाचा होता आणि गाडीवाटेपासून ती जागा सुमारे 300 फूट आत होती. मुरूम टाकण्याचा पर्याय होता. पण ओल्या काळ्या मातीवर टाकलेला मुरूम चार गाड्या गेल्या की निम्मा पोटात जातो, उरलेला मातीत मिसळतो, आणि काम संपल्यावर तो वेचून काढण्याची तजवीज कोणत्याही करारनाम्यात असली तरी कोणत्याही शेतात झालेली मी पाहिली नाही. म्हणून येथे मॅट आणल्या होत्या: एकूण 64, घट्ट प्लॅस्टिकच्या, प्रत्येक 14 फूट लांब, 8 फूट रुंद, चार इंचांहून किंचित जाड, आणि वजनाने पावणेपाचशे किलोच्या आसपास. आत पोकळ कप्पे, वर चाक घसरू नये म्हणून उठविलेली नक्षी. एवढ्याच आकाराचा 20 मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा सोळाशे किलो भरेल, हा हिशेब मी तेथेच उभ्या उभ्या केला, जुनी खोड.

पहिल्या दिवशी एकही मॅट अंथरली गेली नाही, आणि मला वाटते त्या कामातला सर्वांत महत्त्वाचा दिवस तोच. मनोऱ्यांची कामे करणाऱ्या टोळ्या पुष्कळदा बंगालच्या मालदा जिल्ह्यातून येतात, तशी हीही टोळी तिकडचीच होती. तिचा मुकादम, पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा मनुष्य, हातात पहार घेऊन त्या 300 फुटांवरून तीन वेळा गेला आणि दर चार पावलांवर पहार सोडून ती किती बुडते ते पाहत राहिला. जेथे ती वीतभराहून अधिक गेली तेथे त्याने चुन्याची फक्की टाकली. नंतर त्याच्या माणसांनी वाटेवरची धसकटे मुळासकट उपटली, सऱ्यांचे उंचवटे फावड्याने उतरविले, फक्कीच्या जागी कोरडी माती ठासली, आणि सगळ्यावर जिओटेक्स्टाइलचे जाड कापड पसरले, ज्यातून पाणी जाते पण माती वर येत नाही. एवढा वेळ कशाला, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, 'बाबूजी, ऊपर का काम सब देखता है, नीचे का काम गाड़ी देखती है.' खात्यातल्या कोणत्याही परिपत्रकात हे तत्त्व इतक्या थोडक्यात सांगितलेले मला आढळले नव्हते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच हायड्रा आली. या बुटक्या, लांब सोंडेच्या क्रेनने पहिली मॅट गाडीवाटेला लागून आडवी ठेवली, तिच्यावर स्वतः चढली, तेथून दुसरी मॅट पुढ्यात ठेवली, मग तिच्यावर चढली. स्वतःच्या वाटेची स्वतःच बिछायत करीत जाणारे असे वाहन मी प्रथमच पाहत होतो. खलाशी तिला 'हबेस' म्हणून वर घेण्याची आणि 'आरिया' म्हणून खाली सोडण्याची आज्ञा देत होते. समुद्रावरच्या खलाशांची ही बोली. त्यातला 'आरिया' तर पोर्तुगीज गलबतांवरून उतरलेला शब्द, आणि तो समुद्रापासून इतक्या दूर, हरभऱ्याच्या शेतात, एका बंगाली मुसलमान कामगाराच्या तोंडून एका वऱ्हाडी चालकाला उद्देशून निघताना ऐकून मला उगाच आनंद झाला.

मॅटच्या दोन कडांना वरच्या अंगाने आणि उरलेल्या दोन कडांना खालच्या अंगाने फूटभर ओठ काढलेला असतो. शेजारच्या मॅटचा ओठ याच्या ओठावर बसतो, दोहोंतली भोके एकावर एक येतात, आणि त्यांत जाड खुंटी टाकून हातभर लांब किल्लीने पाव फेरा दिला की सांधा जखडतो. ओठांत जाणारा भाग वजा जाता 13 फूट रुंदीची वाट मॅटमागे 7 फुटांनी पुढे सरकते. म्हणजे वाटेला 43 मॅट लागल्या आणि उरलेल्या 21 मॅटचा, सातांच्या तीन रांगा करून, मनोऱ्याजवळ क्रेनसाठी चौथरा झाला. पाव फेऱ्याचे हे काम दिसावयास सोपे. परंतु सकाळी आठ वाजता एका हाताने फिरणाऱ्या किल्लीला दुपारी एक वाजता दोन माणसे लोंबकळत होती. प्लॅस्टिक उन्हाने वाढते. पहाटेच्या गारठ्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत त्या काळ्या पाठीचे तापमान वीस-पंचवीस अंशांनी चढले तर 14 फुटांची मॅट सेंटीमीटरभराहूनही अधिक लांबते, आणि याच कारणाने तिची भोके गोल नसून लांबट ठेवलेली असतात. मुकादमाला हा हिशेब ठाऊक नव्हता, परंतु सकाळी खुंटी मारताना तो ती भोकाच्या एका टोकाला न टेकवता मधोमध ठेवी आणि 'दोपहर को जगह माँगेगा' एवढेच म्हणे.

तिसऱ्या प्रहरी लोखंडी कोनांनी भरलेला पहिला ट्रक वाटेवर आला. ट्रकच्या टायरखाली चौरस सेंटीमीटरला सात-आठ किलोचा दाब असतो. भिजलेली काळी माती याच्या दहाव्या हिश्श्यालाही कुरकुरते. मॅट त्या मातीला बळकट करीत नाही; तिचे सारे कर्तृत्व एवढेच, की एका तळहाताएवढ्या जागेवर पडणारे ओझे ती विस्तृत जागेवर वाटून देते आणि सांध्यांतून शेजारणीलाही त्यातला वाटा उचलावयास लावते. परंतु ती पाषाणाची शिळा नव्हे. चाकाखाली ती लवते, चाक पुढे गेले की वर येते, आणि म्हणून सबंध मॅटचे क्षेत्रफळ धरून जो हिशेब करील तो फसेल. मी गुडघ्यावर बसून एका सांध्याकडे पाहत होतो: ट्रकचे मागले चाक जवळ येताच दोन ओठांमधल्या फटीतून काळसर पाण्याची बारीक चिळकांडी उडाली, मॅट बोटभर दबली, एक खोल हुंकार दिला, आणि पुन्हा होती तेथे आली. फटीतून आले ते पाणीच होते, चिखल नव्हता. खालच्या कापडाची आणि पहिल्या दिवसाच्या पहारीची ती पावती होती.

या युक्तीचा इतिहास पुतण्याला नवा होता, म्हणून रात्री मी त्याला तो सांगितला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने भोके पाडलेल्या पोलादी फळ्यांची विमानपट्टी नोव्हेंबर 1941 मध्ये उत्तर कॅरोलायनातील मार्स्टन गावाजवळ प्रथम आजमावली. प्रत्येक फळी 10 फूट लांब, 15 इंच रुंद, वजनाने सुमारे 30 किलो, आणि तिला वजन घटविण्यासाठी 87 भोके. एका फळीच्या आकड्या दुसरीच्या खाचांत अडकवून जंगलात आणि वाळूवर धावपट्ट्या अंथरल्या गेल्या. आसाम-अरुणाचलाकडे त्या फळ्या 'पीएसपी' या नावाने युद्धानंतरही लोकांच्या कुंपणांना आणि ओहोळांवरच्या साकवांना कामी आल्या. ब्रह्मदेशाच्या मोहिमेत तर डांबरात भिजविलेले गोणपाट, ज्याला 'बिथेस' म्हणत, रस्त्यावर आणि धावपट्टीवर पसरले गेले. बंगालच्या तागाने ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याची वाट कोरडी ठेवली. पऱ्हाट्यांची पेंढी आणि ही प्लॅस्टिकची मॅट यांच्यामधली घराण्याची वंशावळ ही अशी आहे.

पाचव्या रात्री अवकाळी पाऊस आला. मॅटचा एक दुर्गुण तेव्हा प्रकट झाला. तिचे वजन तिच्या क्षेत्रफळावर पसरले तर चौरस मीटरला 45 किलो होते. अर्थात चार बोटे पाणी तिला तरंगविण्यास पुरे. नाल्याकडच्या शेवटच्या तीन मॅटच्या खुंट्या कोणीतरी चौथरा सरकविण्यासाठी संध्याकाळी काढून ठेवल्या होत्या आणि परत घातल्या नव्हत्या. सकाळी त्या तिन्ही जागेवर नव्हत्या. दोन बाभळीच्या बुंध्याला अडकलेल्या आणि तिसरी दोन शेते पलीकडे, कपाशीच्या सऱ्यांवर, कोणी सतरंजी टाकावी तशी आडवी. जखडलेल्या 61 मात्र हलल्या नव्हत्या. मुकादम कोणावरही ओरडला नाही. त्याने स्वतः किल्ली घेतली आणि पहिल्या मॅटपासून शेवटच्या मॅटपर्यंत प्रत्येक खुंटी पुन्हा तपासली, त्यातच दुपार झाली.

1885 च्या तारायंत्र कायद्याच्या आधारे आपल्याकडे शेतकऱ्यांच्या जमिनीत हे मनोरे उभे राहत आले. त्यात जमिनीची मालकी घेतली जात नाही, फक्त वापराचा हक्क घेतला जातो, आणि शक्य तितके कमी नुकसान करावे व झालेल्याची पूर्ण भरपाई द्यावी असे स्पष्ट कलम आहे. या कलमाचा पहिला अर्धा भाग मी इतकी वर्षे वाचूनही वाचला नव्हता. पंचनाम्याचा संबंध दुसऱ्या अर्ध्याशी. आठवड्यानंतर मॅट उचलल्या तेव्हा शेतमालक, तोच चप्पलवाला म्हातारा, वाकून त्या पट्ट्याकडे पाहत होता. हरभरा गेला होता, त्याची किंमत पंचनाम्यात मांडली जाणार होती. परंतु कापड गुंडाळल्यावर खाली चाकोरीचा खड्डा नव्हता. मातीवर कापडाची बारीक वीण उमटली होती, काही ठिकाणी चार बोटे चेपलेली. त्याने टाचेने ती माती दाबली, एक ढेकूळ उचलून फोडले, आणि 'नांगरली का होते सरखी' एवढे बोलून तो बांधावर तंबाखू मळीत बसला.

मॅटना लागलेला चिखल काढल्यावाचून त्या पुढच्या शेतात नेता येत नाहीत. चिखलामुळे सांधे बसत नाहीत आणि त्याबरोबर गाजरगवताचे बी एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जाते. धुण्यासाठी गोड्या पाण्याचा टँकर मागविला होता. तो आला तो वस्तीवरून, आणि त्याच्यामागून हंडे, कळशा, प्लॅस्टिकचे डबे घेतलेल्या बायका आल्या. कोणी काही मागितले नाही, सर्व जणी टँकरच्या नळापाशी फक्त उभ्या राहिल्या. पुतण्याने माझ्याकडे पाहिले, मी मुकादमाकडे. मुकादमाने नळ त्यांना सोडून दिला, शेताच्या खारट विहिरीवर डिझेलचा पंप लावला आणि 64 मॅट त्या पाण्याने धुवून घेतल्या. लोखंड असते तर या पाण्याने त्याला गंज चढला असता. संध्याकाळी ट्रकवर चढविताना त्या सुकल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या नक्षीच्या खाचांतून मिठाची पांढरी रेघ उमटली होती.