चषकावरून खेळाडू मोजताना

एम. एल. जयसिंहा सिकंदराबादचे. जन्म ३ मार्च १९३९. कसोटी सामने ३९, धावा २,०५६, शतकं ३. एका तपाहून अधिक काळ त्यांनी हैदराबादचं नेतृत्व केलं, पण रणजी करंडक त्यांच्या हाती कधीच आला नाही. तो आणला एम. व्ही. नरसिंहराव यांनी, १९८६-८७मध्ये, अंतिम सामन्यात दिल्लीवर पहिल्या डावात आघाडी घेऊन. १९३७-३८नंतर हैदराबादचं हे पहिलंच विजेतेपद. नरसिंहराव चार कसोटी खेळले; त्यांत ४६ धावा, तीन बळी. त्यांचं हे यश मोठंच आहे. पण केवळ करंडक मोजून त्यांना जयसिंहांच्या वर बसवायचं का?

अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये याच प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे. बिल रसेलने बोस्टन सेल्टिक्सकडून १३ हंगामांत ११ विजेतेपदं मिळवली. विल्ट चेंबरलेनने १९६२मध्ये एका सामन्यात १०० गुण केले, पण त्याच्या वाट्याला विजेतेपदं आली दोनच. तरीही तिथे विजेतेपदाला वजन देण्यात अर्थ आहे. मैदानात संघाचे पाचच खेळाडू असतात, आणि त्यांतला सर्वोत्तम बहुतेक वेळ चढाई आणि बचाव दोन्ही करत असतो. क्रिकेटमध्ये अकरा जण. फलंदाज एकदा बाद झाला की उरलेला डाव त्याला तंबूतून पाहावा लागतो. तिथला हिशेब इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

जयसिंहांच्या काळात रणजी करंडक म्हणजे मुंबई. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा विजेतेपदं मुंबईची. १९६४-६५ला हैदराबाद अंतिम फेरीत पोहोचलं, तेव्हाही समोर मुंबईच होती आणि मुंबईच जिंकली. हैदराबादचा संघ दुबळा होता असं मात्र नव्हे. भारताचे कर्णधार पतौडी रणजीत जयसिंहांच्या हाताखाली खेळले. १९७१च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर जयसिंहा, अबिद अली, गोविंदराज, जयंतीलाल आणि कृष्णमूर्ती असे पाच हैदराबादी होते. पण दक्षिण विभागात प्रसन्ना आणि चंद्रशेखर यांचं म्हैसूर होतं, वेंकटराघवन यांचं मद्रास होतं. आधी त्यांच्यातून वाट काढायची आणि मग पुढे मुंबईशी गाठ. करंडक हुकला यातला किती भाग कर्णधाराचा आणि किती त्या काळाचा, हे नुसत्या विजेत्यांच्या यादीतून कळत नाही.

डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांची एक जोडी पाहा. मुंबईचे पद्माकर शिवलकर : प्रथम श्रेणीत ५८९ बळी, सरासरी १९.६९, आणि अनेक रणजी विजेतेपदांत वाटा. हरियाणाचे राजिंदर गोयल : ७५० बळी, सरासरी १८.५८, रणजीतले सर्वाधिक बळी त्यांच्याच नावावर. विजेतेपद मात्र नाही. बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मल्याने दोघांनाही कसोटीची टोपी मिळाली नाही. १९७२-७३च्या अंतिम सामन्यात चेपॉकवर शिवलकरांनी तमिळनाडूचे आठ फलंदाज १६ धावांत गुंडाळले, दुसऱ्या डावात आणखी पाच बळी घेतले. तो करंडक त्यांचा हक्काचा आहे. पण म्हणून गोयल खालच्या पायरीवर कसे जातील? क्रिकेट मंडळाने दोघांनाही एकाच वर्षी सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला, हा न्याय मला योग्य वाटतो.

मग फक्त वैयक्तिक आकडे मोजावेत का? तेही पुरेसं नाही, कारण आकड्यांतही संघ मुरलेला असतो. मुंबईच्या फलंदाजांनी धावांचा डोंगर रचला की शिवलकरांना निर्धास्तपणे चेंडूला उंची देता येई; गोयलांच्या वाट्याला एकट्याने एक बाजू लावून धरण्याची षटकं अधिक येत. १९९९-२०००च्या हंगामात व्ही. व्ही. एस. लक्ष्मणने रणजीत विक्रमी १,४१५ धावा केल्या. त्यांत कर्नाटकविरुद्धच्या उपांत्य सामन्यातल्या ३५३ आहेत. हैदराबाद तिथवर पोहोचलं म्हणून तो डाव घडला, आणि तो डाव घडला म्हणून हैदराबादला अंतिम फेरी दिसली. तिथे पुन्हा मुंबईनेच मात केली. पराभवामुळे त्या ३५३ धावांतली एकही कमी होत नाही.

म्हणून माझा निकष असा : संघाचं यश मोजावं, पण त्यातला खेळाडूचा वाटा दाखवता आला तरच. निर्णायक सामन्यात त्याने काय केलं, कोणासमोर केलं, सोबत कोण होतं, हे आधी विचारावं. दोघं अगदी तुल्यबळ ठरले, तर शेवटी करंडकांची संख्या पाहावी.

१९६८मध्ये ऐन दौऱ्यात बदली खेळाडू म्हणून बोलावलेले जयसिंहा पुरेशा सरावाविना ब्रिस्बेन कसोटीत उतरले आणि त्यांनी ७४ व १०१ धावा केल्या. भारत ३९ धावांनी हरला. निकालाच्या रकान्यात तो पराभव आहे. खेळाडूंची क्रमवारी लावताना मात्र तो सामना जयसिंहांच्या जमेच्या बाजूलाच धरला पाहिजे, आणि हैदराबादच्या इतिहासात त्यांचं नाव करंडकाविनाही पहिल्या ओळीतच लिहिलं पाहिजे.